दोनदा ठोकायचं ते मी

१

मोटरहोम चालवणाऱ्याला मागचं काही दिसत नाही. पुढे मोठी काच आणि तिच्यावर मेलेले किडे. मागे कपाटं, ओटा, न्हाणीघर आणि पडदे. त्यामुळे निघण्याआधी ठोकायची आमच्याकडे पद्धत होती. डॅड इंजिन सुरू करायचा आणि ओरडायचा, "बायसन निघाली! कोण कोण?" मॉम एकदा ठोकायची, मी दोनदा, माझी धाकटी बहीण टिली तीनदा. मग गाडी हलायची. बायसन हे आमच्या गाडीचं नाव. चढावर ती त्या रानगव्यासारखीच धापा टाकते.

बाकीच्या कुटुंबांत नावं पुकारतात आणि पोरं 'आहे' म्हणून ओरडतात. आधी आमच्यातही तसंच होतं, पण माझं 'आहे' पुढपर्यंत पोचायचंच नाही. डॅड पुन्हा पुन्हा विचारायचा, टिली "आहे ती, आहे ती!" म्हणून किंचाळायची आणि मला आणखीच बोलवेनासं व्हायचं. शेवटी एकदा डॅड म्हणाला, "बरं मारित, तोंड नको तर नको. हात तर आहेत ना?" तेव्हापासून ठोकणं सुरू झालं. ते माझ्यासाठी होतं.

माझी जागा सगळ्यात मागे, कोपऱ्यातल्या बाकावर. बाकाला पट्टा, मागच्या बाजूला छोटी खिडकी आणि समोर तपकिरी पडदा. "ही प्रवासाला येते की कपाटात राहायला?" असं मॉम म्हणायची, पण पडदा ओढू द्यायची. पंधरा वर्षांच्या मुलीला एक तरी दार हवं, असं तिचं मत होतं.

त्या दिवशी कुठे पोचायचं म्हणून निघालो नव्हतो. दिवसभर फक्त बघत जायचं होतं. आम्ही नॉर्थ डकोटाचे. आमच्याकडे जमीन इतकी सपाट आहे की डॅडला जरा उंचवटा दिसला तरी तो गाडी थांबवतो, आणि यूटामध्ये तर सगळेच उंचवटे. लाल कडे, दऱ्या, वळणावळणांचा रस्ता आणि जागोजाग थांबून बघायचे कठडे. डॅडने एकही सोडायचा नाही असं ठरवलं होतं.

पहिल्या कठड्यापाशी फोटो झाले. टिलीने दरीत हाक मारून बघितली. सगळे परत गाडीत चढलो. मी पट्टा लावत असताना डॅडची हाक आली. मॉमचा एक ठोका ऐकू आला. मी हात उचलला, आणि तेवढ्यात दोन ठोके पडले.

मग टिलीचे तीन. गाडी हलली.

माझा हात अजून हवेतच होता.

२

मीच ठोकलं असेल आणि माझं मलाच कळलं नसेल, असं मी स्वतःला सांगितलं. माणसं चष्मा लावून चष्मा शोधतात, तसंच काहीतरी.

दुसऱ्या कठड्याहून निघताना मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. डॅडची हाक आली, मॉमचा ठोका पडला. मग माझ्या उजव्या खांद्याशी, मी जिथे नेहमी ठोकते त्याच फळीवर, दोन ठोके पडले. पहिला जोरात आणि दुसरा हलका. मी अशीच ठोकते. पहिल्या ठोक्याचीच मला लाज वाटते, म्हणून दुसरा आपोआप हलका होतो. हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

फळी थरथरली. ते मला खांद्याला जाणवलं.

मी पडद्याबाहेर डोकं काढलं. टिली टेबलापाशी पट्टा लावून बसली होती आणि द्राक्षं सोलून खात होती. ती नऊ वर्षांची आहे आणि तिला असल्या कामांना भरपूर वेळ असतो.

"टिली, माझे ठोके तू मारतेस का?"

"मला माझे मारायचाच कंटाळा येतो. तुझे कशाला मारू?"

"खरं सांग."

"मी इथून तिथे ठोकू शकते का? माझा हात काय रबराचा आहे?"

नव्हता. टेबल आणि माझा बाक यांच्यात अख्खं न्हाणीघर होतं.

फळीच्या पलीकडे गाडीचं बाहेरून उघडायचं कपाट आहे. तिसऱ्या कठड्यापाशी मी डॅडला ते उघडायला लावलं.

"काय हवंय तुला?"

"खुर्ची."

"इथे? दहा मिनिटांसाठी?" पण त्याने कपाट उघडलं. आत पाण्याची गुंडाळलेली नळी, चाकांखाली लावायचे ठोकळे आणि दोरीने बांधलेल्या घडीच्या खुर्च्या होत्या. बाकी काही नाही. मधे मुठीएवढीही मोकळी जागा नव्हती. मी खुर्ची घेतली, कठड्यापाशी मांडली आणि जरा वेळ उगाच बसून राहिले.

उन्हाने पत्रा तापतो. तापला की वाजतो. आमच्या शाळेच्या बसचं छप्परसुद्धा वाजतं. मी खुर्चीत बसून हे सगळं स्वतःला नीट समजावलं. फक्त एक गोष्ट समजावता येईना. पत्रा आपली पाळी येईपर्यंत थांबत नाही.

३

दुपारी एका जुनिपरच्या झाडाच्या सावलीत गाडी लावून जेवलो. हॅमचे सँडविच, लोणच्यातल्या काकड्या आणि चिप्स. उंचीमुळे चिप्सची पाकिटं टम्म फुगली होती आणि टिलीला ती सगळी बुक्कीने फोडायची होती.

मॉम खुशीत होती. तिने माझ्या ताटलीत स्वतःच्याही वाटची काकडी ठेवली.

"काय?" मी विचारलं.

"काही नाही. बरं वाटलं, एवढंच. सकाळपासून तू किती छान बोलतेयस."

मी घास तोंडातच धरला.

"तो भाजलेल्या पावासारखा डोंगर," डॅड हसत म्हणाला, "'डॅड, बघ, कुणीतरी ओव्हनमध्येच विसरलंय!' मला तर स्टिअरिंग धरवेना. मी मॉमला म्हणालो, लॉर्ना, हा विनोद मागून आला की रेडिओतून?"

"मी म्हणालो, मी म्हणालो," टिलीने त्याची नक्कल केली. "तू म्हणालास, चला, पंधरा वर्षांनी का होईना, वायर जोडली गेली."

"कर्टिस!" मॉमने त्याला कोपर मारलं. "पुन्हा गप्प करशील तिला."

तो डोंगर मी पाहिला होता. मला तो पावासारखाच वाटला होता आणि भाजल्यासारखाही. पण मी बोलले नव्हते. कदाचित पुटपुटले असेन. कदाचित झोप लागली असेल आणि झोपेत बोलले असेन. झोपेत माणसं बोलतात. पण झोपेत माणसं विनोद करतात का, ते मला माहीत नव्हतं.

"ती मी नव्हते," असं म्हणायला मी तोंड उघडलं. मॉम माझ्याकडे बघत होती. किती दिवसांनी ती माझ्याकडे काळजी न करता बघत होती. शाळेतून माझ्याबद्दल फोन आला की ती खालच्या आवाजात बोलते, ते मला माझ्या खोलीत ऐकू येतं. आज तिच्या चेहऱ्यावर त्यातलं काहीच नव्हतं.

मी चिप्सचं पाकीट उचललं आणि टिलीकडे फोडायला दिलं.

४

दुपारभर मी कान देऊन बसले. पडदा अर्धा उघडा ठेवला होता, म्हणून की काय, काहीच झालं नाही. पुढच्या थांब्यावर मी स्वतः ठोकलं, पाळी येण्याआधीच, घाईघाईने आणि जोरात. दोनच ठोके झाले. डॅड म्हणाला, "अगं, फळी मोडशील!" मला इतकं बरं वाटलं की मी जवळजवळ हसले.

त्यापुढचा कठडा लहान होता. आमची एकच गाडी होती, आणि बाजूला चढावावर सिमेंटचं एक शौचालय. सगळे परत निघाले तेव्हा मी टिलीला म्हणाले, "मी पटकन जाऊन येते. डॅडला सांग."

"सांगते," टिली म्हणाली. ती तेव्हा एका सरड्याच्या मागे लागली होती.

तशा शौचालयांची दारं जड असतात. आत अंधार होता, वरच्या झरोक्यातून थोडा उजेड येत होता. मी कडी लावली. बाहेर इंजिन सुरू झालं. मला काळजी वाटली नाही. ठोक्यांशिवाय आमची गाडी हलत नाही.

खिडक्या उघड्या असणार, कारण डॅडची हाक मला स्वच्छ ऐकू आली. "बायसन निघाली! कोण कोण?"

एक ठोका.

मी कडीला हात घातला.

दोन ठोके. पहिला जोरात आणि दुसरा हलका.

तीन.

कडी गंजलेली होती. ती सरकवायला लागलेला वेळ फार नसेल. मी बाहेर आले तेव्हा बायसन धूळ उडवत रस्त्याला लागत होती. मी धावले. ओरडलेसुद्धा, पण आधी नुसती हवाच बाहेर आली, आणि आवाज फुटला तोवर गाडी वळणाशी पोचली होती.

वळताना तिची मागची बाजू माझ्याकडे झाली. माझ्या छोट्या खिडकीला मी पडदा लावत नाही. आता तिथे काहीतरी तपकिरी लावलेलं होतं, आतून, काठांपर्यंत नीट ताणून. कुणाला आत ऊन नको असावं तसं.

मग गाडी कड्याआड गेली आणि सगळीकडे एकदम शांत झालं.

५

माझा फोन बाकावर राहिला होता. माझी पाण्याची बाटलीही. मी कठड्यापाशी सावलीत बसले. टिली सांगेल, असं मला वाटलं. मग वाटलं, टिलीने तीन ठोके मारले तेव्हा तिला आधीचे दोन ऐकू आलेच असणार. ती कशाला सांगेल? मी आहे, हे तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

मला तिथे एकटीला भीती वाटली नाही. तिथे दगड होते, वारा होता, एक डोमकावळा होता. भीती जी काही होती ती गाडीत होती, टिलीच्या मागच्या पडद्याआड. आणि दुसरी एक भीती होती, ती मी मनात पूर्ण होऊच देत नव्हते. ते परत येणार नाहीत, ही नव्हे. त्यांना परत यावंसं वाटणारच नाही, ही.

बऱ्याच वेळाने एक जुनी पांढरी मोटरहोम येऊन थांबली. त्यातून एक म्हातारं जोडपं उतरलं. तो उंच आणि वाकलेला, ती बुटकी, डोक्याला फुलाफुलांची टोपी.

"वर्नन, इथे एक पोरगी आहे," ती म्हणाली. मग मला, "काय गं, गाडी कुठे तुझी? की पाखरासारखी उडून आलीस?"

"ते गेले," मी म्हणाले. माझा आवाज तिला ऐकू आला नाही. ती जवळ आली आणि मी पुन्हा म्हणाले.

"विसरून गेले? अरे देवा. वर्नन, आठवतं ना, तू मला अमरिलोच्या पेट्रोल पंपावर सोडून गेला होतास ते?"

"विसरलो नव्हतो," म्हातारा म्हणाला. "प्रयत्न करून बघितला होता."

"बघितलंस? हे असं चाळीस वर्षं. चल पोरी, चढ. तुझ्या बापाला गाठून त्याचे कान उपटू."

ती प्रुइट मंडळी अर्कन्सॉची होती. मिसेस प्रुइटने मला मागच्या बाकावर बसवलं, पट्टा लावला, लिंबू सरबत दिलं आणि माझ्या दंडांवर हात फिरवून म्हणाली, "गारठलीस की. एवढ्या उन्हात!" मग पुढे नवऱ्याला ओरडली, "दाब की जरा! या वेगाने मी चालत पोचेन."

"मग उतर," तो म्हणाला. पण त्याने वेग वाढवला.

एका उंच खिंडीत तिच्या फोनला रेंज आली. मॉमचा नंबर मला पाठ आहे. दोन-तीनदा वाजल्यावर तिने उचलला.

"मॉम, मी. मारित."

पलीकडे गाडीचा आवाज. "कोण बोलतंय?"

"मी, मारित! तुम्ही मला सोडून गेलात. मी शौचालयात होते. मॉम, थांबा, ती जी मागे आहे ती—" आणि मग मला रडू फुटलं. मी ओरडत होते. मिसेस प्रुइटने माझा खांदा घट्ट धरला होता.

"हे बघा," मॉम म्हणाली. ती बँकेत काम करते; तिचा तिथल्या काउंटरवरचा आवाज झाला. "असले फोन आम्हाला माहीत आहेत. मुलांचा आवाज बनवायचा, रडायचं, मग पैसे पाठवा म्हणायचं. आमच्या शेजारणीला तुम्हीच फसवलंत. लाज वाटत नाही?"

"मॉम, मी खरंच मारित आहे!"

"माझी मारित इथे माझ्या मागे बसलीय. आणि माझी मारित कधी ओरडत नाही." मग फोनपासून लांब, वेगळ्याच मऊ आवाजात, "मारित, कुणीतरी तुझं नाव सांगतंय बघ."

लांबून, पडद्याआडून, कुणीतरी हसल्यासारखं म्हणालं, "ठेव ना गं, मॉम."

स्वतःचा आवाज ऐकला की मला नेहमी तोंड लपवावंसं वाटतं. तो माझाच आवाज होता. पण तो मोकळा होता. कुणालाही आवडावा असा. मलासुद्धा तो आवडला.

फोन बंद झाला. पुन्हा लावला तर लागेना. मॉमने तो नंबर ब्लॉक केला होता.

"काय म्हणाली?" मिसेस प्रुइटने विचारलं.

मी नुसती मान हलवली.

६

त्यांना आम्ही संध्याकाळी गाठलं. ऊन तिरपं झालं होतं आणि दरीचा अर्धा भाग काळा पडला होता. बायसन कठड्यापाशी उभी होती. डॅड फोटो काढत होता, मॉम हातांनी डोळ्यांवर सावली करून बघत होती, टिली कठड्यावर पोट टेकून लोंबकळत होती. तिघंच होते. मी ते पुन्हा पुन्हा मोजलं.

प्रुइटने गाडी थांबवायच्या आतच मी पट्टा सोडला होता.

डॅडने आधी बघितलं. "अगं, तू कुठून आलीस?" तो हसला. "आत्ता तर आत होतीस. मागच्या दाराने पळालीस काय?" मग आमच्या गाडीला मागचं दार नाही, हे त्याच्या लक्षात आलं असावं. कॅमेरा त्याच्या हातात तसाच राहिला.

"साहेब," मिसेस प्रुइट खिडकीतून म्हणाली, "पोर वाटेत विसरून जाता आणि वर हसता? तासाभरापासून ती आमच्याकडे आहे. जवळ घ्या तिला आधी."

डॅडने मला जवळ घेतलं. त्याला दुसरं काय करावं ते सुचलं नसेल. मिसेस प्रुइटने आमची मिठी बघितली, नाक पुसलं आणि म्हणाली, "चला. बापलेकीची भेट झाली. वर्नन, अंधार व्हायच्या आत मुक्कामाच्या मैदानावर तंबूवाल्यांच्या गर्दीत जागा मिळवायला हवी." म्हाताऱ्याने गाडी मागे घ्यायला सुरुवात केली.

मॉम हळूहळू आमच्याजवळ आली. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हती. ती माझ्या बुटांकडे बघत होती. ते लाल धुळीने भरले होते.

"पण माझी वेणी," टिली म्हणाली.

आम्ही सगळे तिच्याकडे वळलो. तिच्या केसांची एक बारीक, घट्ट वेणी घातलेली होती. खूप पेडांची. मला साधी तीन पेडांचीही नीट येत नाही.

"ही कुणी घातली?" मॉमने विचारलं.

"मारितने. मी पडद्याला पाठ लावून बसले होते. तिने हात बाहेर काढून घातली. मागे वळायचं नाही म्हणाली."

गाडीचं दार उघडं होतं. डॅड त्या दिशेने दोन पावलं गेला आणि पायरीपाशी थांबला. तो मोठा माणूस आहे. बर्फात अडकलेले ट्रॅक्टर ओढून काढतो. त्याने दाराची चौकट धरली आणि आत बघत म्हणाला, "मारित?"

"काय, डॅड?" आतून आवाज आला. लगेच आणि स्वच्छ. "फोटो झाले?"

मॉमने माझा हात पकडला. कशासाठी ते मला तेव्हा कळलं नाही. धरून ठेवायला, की मी पुढे जाऊ नये म्हणून.

डॅड माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "तू बोल," तो म्हणाला. "काहीतरी बोल. आम्हालाच माहीत असेल असं काहीतरी सांग."

मला खूप काही माहीत होतं. आमच्या तळघराचा वास, त्याच्या डाव्या बुटातली सैल टाच, मॉम रागावली की कुठलं कपाट आवरते ते. सगळं घशापर्यंत आलं. आणि नेहमीसारखंच तिथे थांबलं. मी तोंड उघडून उभी राहिले. आतला आवाज म्हणत होता, "कुणाशी बोलताय? मला पट्टा सुटत नाहीये, कुणी या ना," आणि त्यात थोडी भीती मिसळली होती, जेवढी असायला हवी तेवढीच.

मी बोलू शकले नाही.

मॉम माझ्याकडे बघत होती. आता चेहऱ्याकडे. मग तिने माझा हात दोन्ही हातांत घेतला, इतका घट्ट की अंगठी रुतली.

"ही," ती म्हणाली. "कर्टिस, ही आपली. बघ ना, ही बोलत नाहीये. माझी मारित अशीच असते. अशीच असते गं तू." ती रडायला लागली. "मला सकाळीच कळायला हवं होतं."

आतला आवाज थांबला. अर्ध्या शब्दात, कात्रीने कापल्यासारखा.

डॅड आत गेला. आम्ही त्याची पावलं ऐकली, टेबलापासून न्हाणीघरापर्यंत आणि पुढे. मग पडद्याच्या कड्या सरकल्या.

"कुणी नाही," तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा, "कुणी नाहीये इथे." त्याने मागच्या खिडकीवरचं ते तपकिरी काहीतरी ओढून काढलं. दारातून मला सरळ आरपार दिसलं. माझा बाक, त्याच्यामागे छोटी काच आणि काचेत संध्याकाळचा रस्ता.

प्रुइट मंडळींची पांढरी गाडी त्या रस्त्याला लागत होती. तिची मागची बाजू आमच्याकडे होती. मागच्या खिडकीत कुणीतरी बसलं होतं.

डोकं एका बाजूला कललेलं होतं, कपाळ काचेला टेकलेलं. मी अशीच बसते. तोंड नीट दिसलं नाही. काचेवर उन्हाची तिरीप होती, आणि जिथे ती नव्हती तिथे जे दिसलं ते मी पुन्हा आठवत नाही. एक हात वर आला आणि खिडकीशी पडदा ओढू लागला, सावकाश, काठांपर्यंत. पुढे मिसेस प्रुइट खिडकीतून फुलाफुलांची टोपी हलवत होती.

तिने माझ्या दंडांवर हात फिरवला होता. गारठलीस म्हणाली होती.

मला माहीत होतं की गप्प राहायला हवं. मॉमचे दोन्ही हात माझ्या हाताभोवती होते, आणि ते कशामुळे होते ते मला माहीत होतं.

"थांबा!" मी ओरडले. "मिसेस प्रुइट! थांबा! तुमच्या मागे! मागे बघा!"

इतका मोठा आवाज माझ्यातून कधी निघाला नव्हता. तो दरीत गेला, समोरच्या कड्यावर आपटला आणि परत आला. प्रत्येक शब्द स्पष्ट होता. पांढरी गाडी वळणाआड गेली. टोपी शेवटपर्यंत हलत होती.

डॅड दारात आला. त्याने रस्त्याकडे बघितलं. रस्ता रिकामा होता. मग त्याने माझ्याकडे बघितलं. टिली त्याच्या पायामागे गेली.

मॉमने लगेच हात सोडला नाही. आधी एक बोट सैल झालं. मग दुसरं. ती माझ्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात राग नव्हता, भीतीही नव्हती. बँकेत काउंटरपलीकडच्या अनोळखी माणसाकडे बघावं तशी ती नीट, सभ्यपणे बघत होती.

"चला," डॅड शेवटी म्हणाला. कुणाला ते त्याने सांगितलं नाही.

टिली चढली. मॉम चढली. पट्टे लागल्याचे आवाज आले. इंजिन सुरू झालं आणि बराच वेळ नुसतं चालू राहिलं. गाडीचं दार उघडंच होतं. मी खाली, लाल धुळीत उभी होते. चढू नकोस, असं मला कुणी म्हणालं नाही. ये, असंही कुणी म्हणालं नाही.